अकरा बटणांचा डंपर

शुद्धलेखनासाठी आधीच माफी मागते. वेलांटी पहिली की दुसरी, हे मला अजून कळत नाही, आणि अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी चालून गेल्यासारखं. चौथीपर्यंतच शाळा झाली. दिवाळी सरली की आई-बाप वीटभट्टीवर जायचे, मला न्यायचे, आणि शाळा माझ्यावाचून चालू राहायची. ही वही कोणाला दाखवायची नाही. पण माझा राग तोंडाने निघत नाही. चारचौघांत जीभ टाळूला चिकटते. म्हणून लिहिते.

भातसानगरला एका साहेबांच्या क्वार्टरमध्ये मी धुणी-भांडी करते. त्यांची मुलगी पुण्याला शिकायला गेली, तेव्हा मॅडमनी माळा आवरला आणि प्लास्टिकच्या ठोकळ्यांची भरलेली बादली माझ्यापुढे ठेवली. एकमेकांवर दाबून बसवायचे ते रंगीत ठोकळे. "तुझ्या पोरांना होतील," म्हणाल्या. मला पोरं नाहीत. सात वर्षं त्यांच्या घरी काम करते, तरी त्या विसरल्या होत्या. मी बादली उचलून आणली.

मी त्यांना विटा म्हणते, आणि वरच्या उंचवट्यांना बटणं. बादलीत चाकं होती, दांडे होते, दात्यांची चक्रं होती. माझा नवरा खडीच्या डंपरवर ड्रायव्हर आहे, म्हणून मला डंपर करावासा वाटला. मोठी गाडी करणं सोपं असतं, जागा असली की काहीही कुठेही बसतं. खरा कस छोट्या गाडीत लागतो. मी ठरवलं, अकरा बटणं लांब, चार बटणं रुंद. एका हातात मावला पाहिजे. पण पुढची चाकं वळली पाहिजेत आणि मागचा हौदा उचलला गेला पाहिजे, नाहीतर तो डंपर नाही, नुसतं खेळणं.

हौदा उचलायला एक बारकं दात्यांचं चाक आणि त्याला फिरवणारा स्क्रूसारखा आट्यांचा तुकडा लागतो. त्या तुकड्याचा गुण असा, की तो फिरवला तर चाक फिरतं, पण चाकाने जोर केला तर तो फिरत नाही. त्यामुळे हौदा वर नेऊन सोडला तरी दणकन खाली येत नाही. हा तुकडा मी गाडीच्या लांबीत आडवा बसवत होते. मग तो पुढची चाकं वळवायच्या दांड्यावर आदळायचा. दोन बटणं लांबी वाढवली असती तर सगळं सुटलं असतं. पण मला वाढवायची नव्हती. तीन महिने तिथेच अडले.

कॉलनीच्या रस्त्यात पाण्याचे व्हॉल्व्ह आहेत. एका सकाळी वॉलमन खड्ड्यात लांब चावी घालून उभ्यानेच फिरवत होता. हात वर फिरतो आणि खाली पाइपातलं झाकण सरकतं. मी हातातली केराची बादली घेऊन तशीच बघत राहिले.

"काय गो, पानी बंद होतंय म्हनून घाबरलीस का?" तो म्हणाला.

मी घरी पळाले. तुकडा उभा करायचा! केबिनच्या मागे, डंपरला जिथे धुराचा पाइप असतो, तिथेच. पाइप दोन बोटांनी फिरवला की हौदा वर. पुढचा दांडा मोकळा, लांबी अकराच. हे मला कोणी शिकवलं नाही. हे मी केलं.

मॅडमनी तो डंपर शहापूरच्या एका क्लासवाल्या सरांना दाखवला. ते मुलांना असल्या गाड्या जोडायला शिकवतात. त्यांनी मला बोलावून घेतलं, डंपर उलटा-सुलटा केला, पाइप फिरवून बघितला आणि हसले. असे सहा करून द्या, ठोकळे मी देतो, आणि कोणता तुकडा कशानंतर लावायचा त्याची चित्रंही काढून द्या, असं म्हणाले. पाच हजार रुपये हातावर ठेवले आणि त्यांची हिशेबाची वही पुढे केली. मी आकडा तेवढा वाचला, सही केली. मला वाटलं हा विसार आहे, बैल ठरवताना देतात तसा. पैशांतून आम्ही घरावर पत्रे घातले. सहा डंपर आणि चौकटीच्या वहीची चोवीस पानं चित्रं मी महिन्यात नेऊन दिली.

मग मुरबाडच्या एका हॉलमध्ये त्यांच्या क्लासचं प्रदर्शन लागलं. मला कोणी बोलावलं नव्हतं. मॅडमच्या बोलण्यातून कळलं, म्हणून नणंदेला घेऊन गेले. मधल्या टेबलावर निळ्या कापडावर माझा डंपर होता. पुढे पाटी: 'संकल्पना आणि रचना', त्याखाली सरांचं नाव. सर एका पालकांना सांगत होते, "हा पाइप शोभेसाठी उभा ठेवलाय."

शोभेसाठी! माझे तीन महिने शोभेसाठी!

नणंदेने कोपर मारलं. "वयनी, बोल की. तोंडात काय विटा भरल्यास?"

मी पुढे झाले. "सर, ही गाडी मी केलीय." आवाज इतका बारीक निघाला की मलाच ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा बोलले.

सर पालकांकडे बघून हसले. "या आमच्या कामाच्या बाई. जोडणी छान करतात." मग मला म्हणाले, "ताई, तुम्ही उचल घेतलीय ना? वहीत सही आहे तुमची."

उचल. त्या शब्दाने माझे कान तापले. विसार वस्तूवर असतो, उचल माणसावर. भट्टीचा शेठ पावसाळ्यात उचल देतो, आणि मग थापलेली प्रत्येक वीट त्याची. थापणारे हातही त्याचेच. माझ्या आईने बारा वर्षं विटा थापल्या. त्या विटांची घरं कल्याणला, भिवंडीला उभी आहेत, आणि आईचं त्यात काहीच नाही. मला मात्र वाटत होतं, मी भट्टीतून सुटले.

"कामाची बाई तुमच्या घरी आसंल," नणंद म्हणाली. "पाइप कशाला उबा हाय ते सांगा बघू. शोबेला ना? मग आडवा लावून हौदा उचलून दाखवा!"

पालक हसले. सर दुसऱ्या टेबलाकडे गेले. आणि मी? मी नणंदेचा पदर ओढून तिला बाहेर काढलं. त्यांच्यावर जेवढा राग आहे, तेवढाच त्या पदर ओढणाऱ्या हातावर आहे.

मॅडमना सांगितलं, तर म्हणाल्या, "अगं, तुझा डंपर मुरबाडपर्यंत पोचला, आनंद मान." आनंद मान म्हणे! त्या दिवशी त्यांच्या कढया मी इतक्या घासल्या की हाताची साल निघाली.

मी ठरवलं, पैसे परत करायचे. नणंद कपाळाला हात लावून म्हणाली, "येडी का तू? सहा गाड्यांची मजुरी तरी कापून घे."

"नाय. मजुरी घेतली की मी मजूर, आन गाडी त्याची."

नवरा रागावला, पण त्याने अडवलं नाही. कामावर जाण्याआधी मी एका मळ्यात रोजावर भेंडी तोडायला जाऊ लागले. भेंडीची लव हाताला लागून दिवसभर खाज सुटते. दोन हजार जमले तसे शहापूरला गेले. सरांना पैसे नको होते. "उचल कामातून फिटते, ताई. आता रिक्षा करा, जेसीबी करा." त्यांना माझे हात हवे होते. मी नोटा टेबलावर ठेवल्या आणि वहीत लिहून घेतल्याशिवाय हलले नाही. वहीवर बोट ठेवून नुसती उभी राहिले. शेवटी वैतागून त्यांनी लिहिलं. पुढच्या महिन्यात पंधराशे नेले. तेव्हाही तसंच.

काल शेवटचे पंधराशे घेऊन गेले. क्लास भरलेला होता. नोटा मी मुठीतच धरल्या.

"आधी माझी चित्रं द्या."

"झेरॉक्स आहे माझ्याकडे," सर म्हणाले.

"आसू दे. झेरॉक्स तुमची. चित्रं माझी."

सगळी मुलं वळून बघत होती. या वेळी मी मागे सरले नाही. त्यांनी कपाटातून चोवीस पानं काढली. मी ती मोजून घेतली आणि मूठ उघडली. सरांनी नोटा दोनदा मोजल्या, वही ओढली, 'उचलीचे पाच हजार पूर्ण परत मिळाले' असं लिहिलं आणि खाली सही केली.