मी खोडलेला परिच्छेद

इथे जर्मनीत एश्बॉर्नला एस-बानच्या, म्हणजे लोकलच्या, फलाटावर उभा होतो, तेव्हा बायकोचा, मुग्धाचा, फोन आला. "अप्पा गेले," एवढंच म्हणाली. माझे सासरे, तोफखान्यातून निवृत्त झालेले हवालदार, साताऱ्याकडे आपल्या गावी सकाळी अंगणात बसल्या जागी गेले. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. याला दीड महिना झाला, तरी मला ते काही पटत नाही. तीनच आठवडे आधी त्यांचा अर्ज नामंजूर झाला होता, आणि तो अर्ज मी लिहिला होता.

तोफांनी अप्पांचे कान निम्मे नेले. तेवढं सैन्याने मान्य केलं होतं, अपंगत्वाचं पेन्शनही दिलं होतं. पण कानात अखंड वाजणाऱ्या शिट्टीने पुढे मनही पोखरलं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. गावात लोक म्हणत, हवालदार भ्रमिष्ट झाला. "जावईबापू, हे कानापासूनच आलंय असं सरकारनं लिहून दिलं, की मी वेडा नाही," ते म्हणाले होते. पेन्शन वाढेल का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्यांना तो कागद हवा होता…

गेल्या हिवाळ्यात सासूसासरे तीन महिने आमच्याकडे होते. एकतीस डिसेंबरला इथे दुपारपासूनच फटाके सुरू होतात. आणि मी शहाणा, त्यांना सांगायलाच विसरलो. खाली पार्किंगमध्ये पहिला बार उडाला आणि अप्पा दिसेनासे झाले. सापडले ते बाथरूममध्ये. कोरड्या टबात, अंगात कोट, गुडघे पोटाशी घेतलेले, आणि ढसाढसा रडत होते. सहा फुटी माणूस! मला भीती वाटली. त्यांची नव्हे, त्यांना त्या फरश्यांवर जे काही दिसत होतं त्याची. "कुणाला सांगू नका," ते म्हणाले. पुढचे बार संपेपर्यंत मी दाराबाहेर उभा राहिलो.

फेब्रुवारीत आम्ही दोघं अर्ज लिहायला बसलो. घरातल्या कुणीतरी डोळ्यांनी पाहिलेलं लिहून द्यायचं होतं. मी सगळं लिहिलं आणि मराठीत वाचून दाखवू लागलो. टबापाशी आलो तसा अप्पांनी हात वर केला.

"ते खोडा."

"अहो अप्पा, तोच तर पुरावा आहे."

"जावयाच्या हातचा कागद, आणि त्यात सासरा रडला म्हणून लिहायचं? बरं दिसतं का ते?"

ऑफिसात मी जर्मन साहेबाशी एका तारखेवरून तासभर वाद घालतो. पण सासऱ्यांचा मान राखायचा म्हटल्यावर मी मुकाट पेन उचललं. परिच्छेद खोडला आणि लिहिलं, ‘कधीकधी अस्वस्थ असतात.’ त्या मान राखण्याची आज मला लाज वाटते.

गावी परतल्यावर अप्पा फोनवर कमी कमी बोलू लागले. दिवसाउजेडी दाराला कडी लावून बसतात, असं मुग्धाच्या कानावर आलं. मग उत्तर आलं. मानसिक तक्रारीचा कानाच्या दुखापतीशी संबंध दिसत नाही, असं. अप्पांनी त्याचा फोटो पाठवून मला ते फोनवर दोनदा वाचायला लावलं. "म्हणजे वेडाच," ते म्हणाले, आणि अगदी हळू फोन ठेवला.

गेल्या रविवारी अपिलाचं विचारायला मी सासूबाईंना फोन केला. मागे पंख्याची घरघर चालली होती.

"आई, ऐन थंडीत पंखा?"

"त्यांना लागायचा ना. कानातली शिट्टी झाकायला. बेचाळीस वर्षं ते त्या घरघरीतच झोपले. आता बंद केला की मला वाटतं, उठून बसले असतील."

मी अपिलाबद्दल सांगितलं. साक्षीदार लागतो, असंही म्हणालो.

"मी होते की रोज रात्री त्यांच्या शेजारी," आई म्हणाल्या. "तुम्ही दोघं कागद घेऊन बसलात तेव्हा चहासुद्धा मीच आणून दिला. मला का नाही हो विचारलंत?"