धोंड्याच्या महिन्यातली सायकल शर्यत

रवांडातल्या सायकल शर्यतीमुळे माझी शुगर वाढली.

आमची लेक सोनल नोकरीनिमित्त रवांडात असते. तिथं दरवर्षी देशभर टप्प्याटप्प्यानं सायकल शर्यत होते. डोंगरामागून डोंगर, आणि रस्त्याच्या कडेला अख्खी गावं टाळ्या वाजवत उभी. तिनं पाठवलेले व्हिडिओ मी खामगावात पलंगावर लोळत, चिवड्याची वाटी पोटावर ठेवून, मोठ्या तळमळीनं पाहायचो. शेवटी ती म्हणाली, "बाबा, शुगर खाली आणा. पुढची शर्यत इथं येऊन बघा, तिकीट मी काढते." लेकीला प्रत्यक्ष पाहून फार दिवस झाले होते. मी दुसऱ्याच दिवशी सायकल घेतली.

नुसती घेतली नाही, शर्यतच आखली (स्पर्धक मी एकटा, त्यामुळे पहिला नंबर पक्का!). खामगाव ते अमडापूर, तिथून चिखली, तिथून बुलढाणा, आणि शेवटी तिथल्या डॉक्टरांकडे तपासणी. मागून मोटारसायकलवर पाणी घेऊन मेव्हणा गजू. फक्त दोन गोष्टी ध्यानात आल्या नाहीत. या वाटेवर माझ्या सासरची माणसं गावोगावी पसरलेली आहेत, आणि महिना अधिकाचा, म्हणजे जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालण्याचा!

अमडापूरच्या फाट्यावरच चुलतसासूबाई ताट घेऊन उभ्या. गजूनं आदल्या दिवशीच सगळीकडे फोन केले होते. मी तसाच पुढे निघालो, तर त्यानं गाडी आडवी घातली.

"भाऊजी, महिना धोंड्याचा अन् तुम्ही दारावरून तसेच निंघून जासान? लोक मले काय म्हणतीन?"

सायकलची तंग चड्डी झाकायला गजूचं उपरणं कमरेला गुंडाळलं. पाय धुतले गेले, कुंकू हेल्मेटलाच लागलं. मग धोंडे, वर तुपाची धार. शुगरचं सांगितलं तर चुलतसासूबाई म्हणाल्या, "जवाईबापू, एवढी सायकल रेटून राह्यले, जिरते सारं."

पुढे प्रत्येक गावात हेच. कॅरिअरला अनारशांचे डबे लटकले. पण खरं सांगतो, दर दारात कुणी पंख्यानं वारा घालत होतं, कुणी चाकात हवा भरत होतं. भर उन्हात आपली वाट पाहत माणसं उभी राहावीत, हे केवढं भाग्य! मला मनापासून कृतज्ञ वाटलं. त्या कृतज्ञतेपोटी मी प्रत्येक घरी एक धोंडा जास्त घेतला.

बुलढाण्यात डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. व्हिडिओ कॉलवर मी सोनलला शुगरचा वाढलेला आकडा सांगितला. तिकीट गेलं, असंच मी धरून चाललो होतो. ती पोट धरून हसली, मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, तुम्ही इकडेच या. इथं निदान तुमची सासुरवाडी तरी नाही."

बाजूला गजू मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता.

"हाय ना," तो म्हणाला. "आपल्या मावशीची पुतणी लग्न करून तिकडेच देल्ली हाय. आत्ताच मेसेज टाकला तिले, जवाई येऊन राह्यले म्हणून."

मी घाईघाईनं फोन बंद केला आणि गजूला हळूच विचारलं, तिला अनारसे जमतात का.