मशीनचं कपाळ

आधी तो डोक्यावरची टोपी मागे सरकवायचा, मग मानेवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "भाऊ, एक अडाण्यासारखं इचारतो, हसू नका."

हसायची सोय नसायचीच, कारण तो जे विचारायचा त्याचं उत्तर आपल्यालाही येत नसायचं. तुमच्याही कंपनीत, नाहीतर सोसायटीत, असा एखादा असेल. नसेल तर सुखी आहात.

माझी त्याची पहिली गाठ पडली ती कूलंटवरून. लोखंड कापताना मशीन तापू नये म्हणून तेल आणि पाणी मिसळून आत सोडतात, ते कूलंट. दिसायला थेट दूध. मी त्याच्या मशीनचं पॅनेल उघडून बसलो होतो आणि तो शेजारी बादली ढवळत होता.

"भाऊ, तेल पिवळं. पाण्याला रंगच न्हाई. मग दोन्ही मिसळलं की दूध कशामुळं होतंय?"

मी मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. आम्हा लोकांना एखादी गोष्ट समजली नाही की आम्ही 'अर्थिंगचा प्रॉब्लेम' म्हणून मोकळे होतो. पण बादलीला अर्थिंग कुठून आणू? मी म्हटलं, "केमिकल असतं राव त्यात."

"कोणतं?"

"पांढरं."

त्याने मान हलवली आणि पुन्हा ढवळायला लागला. माझं उत्तर पटलेलं नाही, हे त्याच्या पाठीवरूनही कळत होतं.

आमच्या कंपनीची बस मोशीहून निघते आणि कुरुळी घेत चाकणला जाते. त्या बसचा एक कायदा होता, कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळे पाळायचे. पर्मनंट माणसं बसणार, कंत्राटी माणसं उभी राहणार, मग जागा रिकामी का असेना. तो कंत्राटी. कुरुळी फाट्यावर चढायचा आणि माझ्या सीटचा दांडा धरून उभा राहायचा. परभणीकडचा माणूस, चाळिशीला आलेला. बायको आणि शाळेत जाणारी एक मुलगी घेऊन कुरुळीत भाड्याच्या खोलीत राहत होता.

एका सकाळी बसमध्ये डास शिरला. तो बराच वेळ डासाकडे बघत होता. मी खिडकीकडे तोंड फिरवलं, पण उपयोग झाला नाही.

"भाऊ, आपण दांडा धरलाय म्हणून बससंगं पळायलोय. डासानं कशालाच धरलं न्हाई. मग बस पुढं गेली की तो मागच्या काचेवर आपटत का न्हाई?"

झालं. सगळी बस पेटली. वेल्डिंगवाला म्हणाला, डासाला पंख आहेत, तो बसच्या वेगाने उडतो. मागून कुणीतरी ओरडलं, "मग त्याला बस कशाला लागते रे? चाकणला उडत जाईल की!" ड्रायव्हर म्हणाला, "थांबा, बघूच," आणि त्याने खरोखर ब्रेक मारला. स्टोअरच्या माणसाचा डबा उघडून रस्सा माझ्या पँटवर. डासाचं काय झालं ते बघायचं सगळे विसरले. तो एकटा मागच्या काचेजवळ जाऊन शोधत होता.

आम्ही त्याला 'क्वेश्चन बँक' म्हणायचो. त्याला राग यायचा नाही. कॅन्टीनमध्ये स्टीलचं ताट आणि लाकडी टेबल यांना आळीपाळीने हात लावून बघायचा. दोन्ही एकाच खोलीत रात्रभर पडलेली, मग ताटच का गार लागतं? समोरच्याचं जेवण निवायचं, याचा प्रश्न संपायचा नाही. बरं, उत्तर कुणी दिलं तर त्यातून दुसरा प्रश्न काढायचा. त्याला स्वतःला एकही उत्तर माहीत नव्हतं, हेही सांगून ठेवतो. काढलेले अंदाजही बहुतेक चुकीचेच असायचे.

साहेबांची आणि त्याची जुळणं शक्यच नव्हतं. आमचे प्रॉडक्शनचे साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना प्रश्न ऐकायला वेळ नसायचा. एकदा ते बाहेरच्या पाहुण्यांना शॉप, म्हणजे मशीनं चालतात तो भाग, दाखवत होते. हा तिथे एअर गनने मशीन साफ करत उभा. टोपी मागे सरकली तसा माझा जीव खालीवर झाला.

"साहेब, एक अडाण्यासारखं इचारतो. हवेची टाकी हाताला कोमट लागती. तीच हवा बंदुकीतून निघाली की गार. मधल्या मधी कुठं गारठली?"

पाहुणे हसले. त्यातला एक साहेबांकडेच उत्तरासाठी बघायला लागला. साहेब म्हणाले, "काम करो भाई. ये साइन्स एक्झिबिशन नहीं है."

हे सगळं चाललं होतं तेव्हाच कंपनीत बातमी पसरली की दिवाळीच्या आत काही कंत्राटी माणसांना पर्मनंट करणार, आणि त्यात त्याचंही नाव साहेबांपुढे गेलंय. कंत्राटी माणसाला काही महिने झाले की 'ब्रेक' देतात, म्हणजे घरी बसवतात आणि मग पुन्हा नव्याने घेतात. घेतलं तर. याच्या ब्रेकपायी मुलीची शाळा दोनदा सुटली होती. ब्रेक आला की बिऱ्हाड परभणीला, बोलावणं आलं की परत कुरुळीला. आता पर्मनंट झाला तर पोरगी एका शाळेत टिकणार होती. एवढीच गोष्ट, पण त्या घरात दुसरा विषय नव्हता.

एका रविवारी मी कुरुळीला एका ओळखीच्याकडे गेलो होतो, तर त्याच्या बायकोने मला रस्त्यातच गाठलं.

"भाऊजी, तुमी लक्ष ठिवा यांच्यावर. घरात मला इचारू द्या, पोरीला इचारू द्या, आमी सोसायलोत. पण पर्मनंटचं होईस्तवर कंपनीत तोंडाला कुलूप लावा म्हणावं. साहेबाला तर कायबी इचारायचं न्हाई. तुमचं ऐकत्यात ते."

तो शेजारीच भाजीची पिशवी धरून उभा होता. खाली मान घालून म्हणाला, "न्हाई इचारणार."

आणि शब्द पाळला की! बघवत नव्हतं मात्र. काहीतरी दिसायचं, टोपी मागे जायची, तोंड उघडायचं आणि तसंच मिटायचं. ढेकर अडकलेल्या माणसासारखा चेहरा करून कामाला लागायचा. कॅन्टीनमध्ये लोक मुकाट जेवायला लागले. वेल्डिंगवाला मला म्हणाला, "बरं नाही का रे त्याला?" खरं सांगतो, मलाही बस लांब वाटायला लागली होती.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशीन बंद, मेन स्विच बंद. सगळं धुऊनपुसून लख्ख करायचं, झेंडूच्या माळा घालायच्या आणि ज्याने त्याने आपल्या आणि शेजारच्याही मशीनला हळदकुंकू लावायचं. नारळ, पेढे, फोटो. तो आंघोळ करून, पांढरा शर्ट घालून आला होता. हातात हळदकुंकवाची वाटी घेऊन मशीनपुढे बराच वेळ उभा राहिला. एकदा इकडेतिकडे बघितलं, टोपी मागे सरकवली आणि परत पुढे ओढली. मग हात आत घालून त्याने कुंकू लावलं आणि नमस्कार केला.

दसऱ्याची सुट्टी संपवून आम्ही पहिल्या शिफ्टला आलो, तर त्याचं मशीन चालू होईना. जॉब, म्हणजे कापायचा लोखंडाचा तुकडा, लावला तरी स्क्रीनवर एकच रडगाणं, जॉब बसलेला नाही. आम्ही जॉब बदलला, हवेचं प्रेशर बघितलं, वायरी सोडून परत जोडल्या. त्या मशीनपायी पुढची सगळी लाइन खोळंबलेली. साहेब दर थोड्या वेळाने येऊन माझ्याकडे बघून जायचे. शेवटी मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, "सेन्सर क्लीन है क्या?" मी म्हटलं, "एकदम क्लीन. परवाच मशीन धुतलंय."

तरी मनाचं समाधान म्हणून फडकं फिरवलं. फडकं लाल झालं.

त्या मशीनच्या आत, वर, बरोबर मध्यावर एक बारीक गोल काच आहे. तिच्यातून उजेडाची तिरीप येते आणि जॉब बसला की नाही ते बघते. त्या काचेवर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकू, वाळून घट्ट झालेलं. मशीनला जागोजागी कुंकू लावलेलं होतं, त्यात हे एक कुणाच्या नजरेत भरणार?

काच पुसली, मशीन चालू झालं. साहेबांनी सगळ्यांना गोळा केलं. "किसने लगाया ये?"

पूजेला सगळेच होते, इकडून तिकडे फिरत होते, दुसऱ्या शिफ्टची माणसंही होती. कोणी लावलं हे कुणालाच सिद्ध करता आलं नसतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, गप्प राहा बाबा.

टोपी मागे गेली.

"साहेब, मी लावलं. रोज त्या काचेत लाल ठिपका दिसतो. पूजेला लाइट बंद, तर ठिपका न्हाई. मोकळं कपाळ बरं दिसंना, म्हणून लावलं." मग मानेवरून हात फिरवून म्हणाला, "एक अडाण्यासारखं इचारतो. मशीनचं कपाळ मग कुठं असतं?"

कुणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. "तेरा नाम पर्मनंट के लिए आया है ना?" एवढं म्हणून निघून गेले.

संध्याकाळी बसमध्ये मी त्याला झापला. मला मनापासून राग आला होता. "गप्प बसला असतास तर कुणाच्या बापाला कळलं नसतं! पोरीच्या शाळेचा तरी विचार करायचास."

"ते खरं हाय भाऊ. लई चुकलं." त्याने टोपी मागे सरकवली. "पण मग कपाळ कुठं, ते कसं कळलं असतं?"

आणि मग इतक्या दिवसांचं कुलूप निघालं. कुरुळी येईपर्यंत त्याने मला प्रश्नांनी न्हाऊ घातलं. पुढचे टायर गरम का होतात, चंद्र आपल्या बसबरोबर का पळतो, पावसाचा थेंब ढगातून निघताना केवढा असतो. मी रागातच होतो, त्यामुळे एकाही प्रश्नाला हूं की चूं केलं नाही. तो खुशीत होता.

दिवाळीआधी पर्मनंट झालेल्यांना एकेक करून वर बोलावलं आणि पेढे दिले. त्याला बोलावलं नाही. कुंकवामुळे म्हणा, नाहीतर आधीच ठरलं असेल म्हणा, कारण कुणी सांगितलं नाही. पुढे त्याचा ब्रेक आला आणि त्यानंतर कंपनीने त्याला परत घेतलंच नाही. परभणीला गेला, मग तळेगावकडे कुठल्याशा गोदामात लागल्याचं कळलं. बसमध्ये माझ्या सीटशेजारी आता एक पोरगा उभा असतो, कानात इअरफोन घालून.

यंदाच्या खंडेनवमीच्या आधी साहेबांनी प्रत्येक मशीनवर, दरवाजाच्या वरच्या पत्र्यावर, एक पिवळा गोल स्टिकर लावून घेतला. त्यावर छापलंय, 'कुंकू येथे लावावे'. आम्ही सगळ्यांनी रांगेने तिथेच कुंकू लावलं. मला त्याची फार आठवण आली.

दसऱ्याची सुट्टी संपली त्या सकाळी मोशीच्या स्टॉपवरून त्याला फोन केला. त्याच्या बायकोने उचलला. "ते ड्युटीवर गेलेत भाऊजी. आज फोन घरीच इसरले." मी म्हटलं, त्याला एवढं सांगा, की मशीनचं कपाळ ठरलं. स्टिकरचं सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "भाऊजी, एक इचारू?"

"विचारा की."

"त्यांनी इचारलं म्हणून लावला न्हवं का तो कागद? मग ते का न्हाईत तिथं?"

मी म्हटलं, बस आली वहिनी, ठेवतो. बस आली नव्हती.