शंभरपैकी चौतीस

पिंटोबाब कोणाच्याही घरी गेले की बसण्यापूर्वी खुर्ची वाजवून पाहत. आधी पाठ, मग हात, शेवटी बैठक. प्रत्येक ठिकाणी मधल्या बोटाचे दोन हलके ठोके. खुर्ची पसंत पडली तर ते बसत. फारच पसंत पडली तर बसत नसत, वाजवतच राहत. चिंचवडला कंपनीच्या वसाहतीत मी राहायला आलो त्या दिवशी समोरच्या बिऱ्हाडातून ते विचारपूस करायला आले. माझ्याकडे खुर्ची नव्हती. त्यांनी पाण्याचे पिंप वाजवले, खिडकीची चौकट वाजवली, आणि शेवटी माझी पत्र्याची ट्रंक वाजवल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"ही रिकामी करून देशील?"

"तिच्यात उत्तरपत्रिका आहेत," मी म्हणालो.

"तेच तर! तोंड दाबलंय बिचारीचं."

मी कंपनीच्या प्रशिक्षण शाळेत गणित शिकवत असे. ट्रंक रिकामी करण्याचे असे कारण मी पूर्वी ऐकले नव्हते. तरीही संध्याकाळपर्यंत उत्तरपत्रिका फळीवर गेल्या होत्या आणि ट्रंक पिंटोबाबांच्या घरी.

त्यांची रीतसर ओळख करून देतो. आग्नेल पिंटो, मूळचे गोव्याचे, वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने काटकुळे, मनगटे मात्र सुताराची. मुंबईच्या हॉटेलांतल्या जॅझ बँडमध्ये त्यांनी वीस वर्षे ड्रम वाजवले. पुढे ते बँड एकेक करून बंद पडले, तेव्हा भाच्याच्या ओळखीने ते आमच्या कारखान्यात टाइम स्टडीच्या खात्यात लागले. म्हणजे स्टॉपवॉच घेऊन कामगाराच्या मागे उभे राहायचे आणि एका नगाला किती वेळ लागतो ते लिहायचे. त्यांना 'साहेब' म्हटलेले चालत नसे. "साहेब ऑफिसात असतो. मी बाब," असे ते सांगत. स्वतः मात्र जनरल मॅनेजरांपासून झाडूवाल्यापर्यंत सर्वांना 'तू' म्हणत, आणि इतक्या सारख्या प्रेमाने म्हणत की कोणालाच राग मानता येत नसे.

त्यांच्याविषयी वसाहतीत एक दंतकथा होती आणि तिचे तीन पाठ प्रचलित होते. पहिल्या पाठानुसार परदेशातून आलेल्या एका प्रख्यात बँडचा ड्रमवाला ऐन कार्यक्रमाच्या दिवशी आजारी पडला आणि पिंटोबाबांनी त्याच्या जागी वाजवले. दुसऱ्या पाठात तो आधी आजारी नव्हता. पिंटोबाबांना ऐकून पडला. तिसऱ्यात त्याने ड्रम कायमचे सोडून वांद्र्याला बेकरी काढली. खरे काय ते मी त्यांनाच विचारले.

"तिन्ही खोटं," ते म्हणाले. "पण दुसरं चांगलं आहे. ते सांगत जा."

एका रविवारी मात्र पुण्याला निघालेली एक मोटार वाट वाकडी करून वसाहतीत आली. कोट घातलेले चार वादक उतरले, आणि त्यांतल्या सर्वांत वयस्क गृहस्थाने पिंटोबाबांच्या मनगटाला हात लावून तो स्वतःच्या कपाळाला लावला. हे मी स्वतः पाहिले. त्यानंतर दंतकथेची चौकशी मी थांबवली.

या माणसाच्या कानाचा पहिला अनुभव कारखान्यात बबनला आला. बबन चिखलीचा. त्या काळी चिखलीत शेतेच शेते होती, आणि बबन गावच्या पथकात ढोल बडवत मोठा झाला होता. कारखान्यात तो ड्रिल मशीनवर होता. स्टॉपवॉचवाला मागे येऊन उभा राहिला की कामगार हात सैल सोडतो, हे सर्वांना ठाऊक असते. नगाला जास्त वेळ लिहिला गेला तर रोजचे नग कमी ठरतात. बबननेही हात सैल सोडला. पिंटोबाब डोळे मिटून ऐकत राहिले आणि मग त्यांनी घड्याळ खिशात टाकले.

"बबना, हळू करतोस ते ठीक. पण सारखं हळू कर ना! पहिला नग हळू, दुसरा पळाला, तिसरा झोपला. हळू वाजवणं सगळ्यांत कठीण असतं. प्रॅक्टिस कर. उद्या येतो."

"आन् उद्या जमलं तर, बाब?"

"तर तोच टाइम लिहितो. कमावलास तू."

बबनला ते जमायला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी पिंटोबाबांनी दिलेला शब्द पाळला आणि खातेप्रमुखांची बोलणी हसतमुखाने खाल्ली.

मुंबई सुटल्यावर त्यांच्याकडे स्वतःचे वाद्य उरले नव्हते. आमच्या मनोरंजन मंडळाचा एक ड्रमसेट होता. वाजवणारा दुसरा कोणी नसल्यामुळे तो त्यांच्या बाहेरच्या खोलीत असे. घरात त्याखेरीज फारसे काही नव्हते, आणि त्यांना हवेही नव्हते. अडचण एकच होती: जॅझ एकट्याने वाजवण्याची गोष्ट नव्हे, आणि चिंचवडमध्ये साथीला कोणी नव्हते. एके दिवशी त्यांनी मला बोलावले.

"मास्तर, तुझ्याकडे संगीत नाही."

"नाही," मी कबूल केले.

"छान. संगीत असलेला माणूस मध्येच खूश होतो आणि पळत सुटतो. तू खूश होत नाहीस. तू चार मोज."

अशा रीतीने मी माझ्याच ट्रंकेवर लाकडी पट्टीने एक-दोन-तीन-चार ठोकू लागलो. पहिल्या दिवशी आठ-दहा आवर्तने सुरळीत गेली. मग त्यांचे हात माझ्या मोजणीपासून असे काही दूर गेले, की ते चुकले अशी माझी खात्री झाली. मी सौजन्याने थांबलो.

"थांबलास का?"

"तुम्ही अडलात असे वाटले. विद्यार्थी अडला की मी थांबतो."

"अडलो नाय मरे! मी बाजारात गेलो होतो. तू घर सोडलंस तर मी मासळी घेऊन परत कुठे येऊ?"

त्यानंतर मी घर सोडले नाही. ते दूर जात, इतके दूर की मला घाम फुटे, आणि नेमक्या पहिल्या ठोक्यावर परत येत. दोन वर्षांत एकदाही उशीर झाला नाही.

या कौशल्याची कल्पना यावी म्हणून वाचकांनी एक प्रयोग करावा. उजव्या हाताने टेबलावर संथ ठेका धरावा. तो न बिघडवता डाव्या हाताने मनाला येईल तेथे टिचकी मारावी. हे साधले तर डाव्या पायाने फक्त दुसरा आणि चौथा ठोका द्यावा, आणि उजव्या पायाला अधूनमधून बोलू द्यावे. हे सर्व चालू असताना शेजाऱ्याशी बोंबलाच्या भावाविषयी गप्पा माराव्यात. पिंटोबाब असे वाजवत. मी पहिल्याच पायरीवर टेबलावरचा चहा सांडला.

पुढे बॅचलर होस्टेलमधल्या चौघांनी रेकॉर्डी ऐकून रॉक बँड काढला, आणि ड्रमवर बसवले बबनला. त्याने सेट आठवडाभर मागून नेला आणि दोन कातडी फोडून परत आणला.

"बाब, चुकी झाली. गाव आठीवलं."

मी रॉकविषयी काही कडवट बोललो. पिंटोबाबांना ते पटले नाही. "पळय, बघ मास्तर, रॉकवाला रस्ता बांधतो. सरळ, रुंद, वरून ट्रक गेला पाहिजे. त्याला ताकद लागते. बबनाचा उजवा पाय बघ! असा पाय मला देवाने दिला नाही. आम्ही जॅझवाले रस्ता बांधत नाही. दुसऱ्याने बांधला की त्यावरून नाचत जातो." एवढे म्हणून ते फुटलेल्या कातड्याकडे बघत राहिले. "पण एवढा खड्डा कशाला करायचा रे?"

होस्टेलवाल्यांनी अर्ज केला की सेट मंडळाचा आहे, तो एकाच माणसाच्या घरी का? अर्ज न्याय्य होता. सेट रोज इकडून तिकडे नेणे शक्य नव्हते, म्हणजे तो कोणातरी एकाकडेच राहणार होता. मी मंडळाचा चिटणीस, आणि रोज संध्याकाळी पिंटोबाबांच्या घरी ट्रंक ठोकतो हे सर्वांना माहीत. पक्षपाताचा ठपका येऊ नये म्हणून मी वार्षिक संमेलनात 'जिंकेल त्याच्याकडे सेट' अशी स्पर्धा ठेवली, परीक्षकपद स्वतःकडे घेतले आणि केवळ मोजता येतील अशाच गोष्टींची गुणपत्रिका आखली. आवाज पंचवीस, वेग पंचवीस, दमसास वीस, सेटमधील वाद्यांचा वापर पंधरा, श्रोत्यांचा प्रतिसाद पंधरा. आवाज मोजण्यासाठी सायकल स्टँडजवळ एक शिपाई उभा केला. तो कागद मला त्या वेळी फार देखणा वाटला.

पिंटोबाबांनी तो वाचला. "आणि साथीला कोण? तू?"

"मी परीक्षक आहे. मला वाजवता येणार नाही."

"खरंच की," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "मास्तर, सेट गेला तर मी काय वाजवू रे?" मी म्हणालो की नियम सर्वांना सारखे आहेत.

संमेलन कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाले. बबन आधी बसला. फळीवरचे स्टीलचे पेले थरथरले, झांजेचा स्टँड सरकत सरकत मंचाच्या कडेला आला, आणि पुढच्या रांगेतल्या वेल्डिंग खात्याने शिट्ट्यांनी छप्पर उचलले. मी प्रामाणिकपणे सांगतो, मलाही ते आवडले.

मग पिंटोबाब बसले, एकटे, हातांत काठ्यांऐवजी तारांचे दोन ब्रश. बसले आणि नुसतेच बसून राहिले. मागून कोणीतरी ओरडले, "बाब, कार्ड पंच करायचं राहिलं का?" हशा पिकला. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांची मान किंचित हलते आहे. डोक्यावरचा जुना पंखा प्रत्येक फेऱ्याला 'कट्' असा आवाज करत होता. त्यांना घर सापडले होते.

त्या 'कट्'च्या भोवती त्यांनी ब्रश फिरवायला सुरुवात केली. तांदूळ निवडावेत तसा आवाज. ते दूर गेले, परत आले, पुन्हा दूर गेले. हॉल हळूहळू गप्प झाला. आणि नेमके तेव्हाच कॅन्टीनचे मॅनेजर, अत्यंत सज्जन गृहस्थ, पंख्याच्या कुरकुरीने कलावंताला त्रास होतो या कळवळ्याने उठले आणि त्यांनी पंखा बंद केला.

पंखा मंदावू लागला. कट्... कट्...... प्रत्येक फेरा आधीच्याहून लांब. पिंटोबाबांनी वर पाहिले नाही. ते पंख्याबरोबर मंदावत गेले, दोन आवाजांमधली वाढती जागा तितक्याच सफाईने भरत गेले, आणि पाते शेवटचे वाजले त्या क्षणी त्यांच्या पायाचा एकच मऊ ठोका पडला. मग काही नाही.

टाळी वाजली नाही. संपले की नाही हेच कोणाला कळेना. फक्त बबन एकटा उठून उभा राहिला होता, तोंड उघडे ठेवून.

शिपाई आत आला. "सर, अजून सुरू व्हायचंय ना?"

मी बेरीज केली. आवाज तीन, वेग आठ, दमसास दहा, वापर सहा, प्रतिसाद सात. शंभरपैकी चौतीस. पस्तीसला उत्तीर्ण होणाऱ्या शाळेत माझा सर्वोत्तम वादक एका गुणाने नापास झाला होता. कृपागुण देण्याचा मोह झाला. पण नियमांत कृपागुण नव्हते आणि नियम माझे होते. मी निकाल वाचला: बबन चौऱ्याऐंशी. सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या त्या पिंटोबाबांनी.

जाताना ते माझ्याजवळ थांबले. "चौतीस पुष्कळ दिलेस रे. पण मी जे वाजवलं नाही, त्याला मार्क कुठे ठेवले होतेस?"

इतकी वर्षे प्रश्नपत्रिका काढून आपण काय विचारायचे ते विसरलो, हे मला त्या हॉलमध्ये प्रथम कळले.

दुसऱ्या दिवशी सेट होस्टेलवर गेला. कातडी कशी जपायची ते पिंटोबाबांनी स्वतः टेम्पोपाशी उभे राहून समजावले. मग दार लोटून घेतले. तीन दिवस समोरच्या घरातून कसलाही आवाज आला नाही. खुर्चीचासुद्धा नाही.

चौथ्या दिवशी बबन माझ्याकडे आला. "सर, तुमच्या नेमात हाय का, जिंकणाऱ्यानं शेटची देखभाल करायची म्हून?"

"आहे. कलम सहा."

"मग शेट दुरुस्तीला टाकतोय. पिंटोबाबांकडं."

"काय बिघडले?"

"माजा हात."

"मग हात दुरुस्तीला टाक. सेट कशाला?"

"हात एकटा कसा धाडू, सर? त्यो शेटसंगच जातोय."

मी मंडळाची दुरुस्तीची वही उघडली. 'दोषाचे स्वरूप' या रकान्यात आयुष्यात प्रथमच खोटे लिहिले: तपासणी चालू. पुढच्या तिमाहीत लिहिले: दुरुस्ती चालू. अशी ती चार वर्षे चालू राहिली. रोज संध्याकाळी पिंटोबाबांच्या खोलीत बबन ब्रश धरून बसे, मी ट्रंकेवर चार मोजत असे, आणि बाब ओरडत, "हळू रे बबना, तांदूळ आहेत, खडी नव्हे!" संमेलनापुरता सेट होस्टेलवर जाई, पेले थरथरवी आणि परत दुरुस्तीला येई. मंडळाच्या हिशेबतपासनिसांनी एकदा विचारले की इतके काय मोडले आहे. मी सांगितले, काम नाजूक आहे.

मग पिंटोबाब निवृत्त झाले आणि गोव्याला बहिणीकडे राहायला गेले. त्यांना गाडीत बसवून बबन आणि मी वसाहतीत परतलो, आणि सेट त्यांच्या मोकळ्या खोलीतून होस्टेलवर नेला. मला वही बंद करणे भाग होते. शेवटचा रकाना चार वर्षे कोरा होता.

"काय लिहू?" मी विचारले. "दुरुस्ती पूर्ण झाली?"

बबनने स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "न्हाई हो सर. लई बाकी हाय. पर दुरुस्त करणाराच गेला की."

मी लिहिले: 'दुरुस्ती अपूर्ण. कारागीर निवृत्त.' आणि खाली सही केली. त्या वहीत चार वर्षांत मी लिहिलेले खरे वाक्य तेवढे एकच होते.