आमच्या पांढऱ्या कुत्र्याला हळद लागली तेव्हा

आमच्या कुत्र्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्या, तेव्हा अप्पांनी त्या चाचपल्या, हुंगल्या आणि निकाल दिला, "गालगुंड."

अप्पा म्हणजे माझे वडील. सांगलीच्या बाजारात त्यांनी जन्मभर हळदीची अडत केली. हळकुंड मोडून वास घेतला की माल कुठल्या रानातला ते सांगणारा माणूस. त्याला कुत्र्याच्या गळ्याचं काय विशेष! घरात हळदीला तोटा नाही. त्यांनी वाटीभर लेप कालवला आणि कानापासून छातीपर्यंत थापला. कुत्रा पांढराशुभ्र. लेप वाळेपर्यंत तो घरभर अंग घासत हिंडला. सोफा पिवळा झाला, पडदे पिवळे झाले, माझी ऑफिसला जायची ओढणीसुद्धा सुटली नाही.

संध्याकाळी आमच्या विश्रामबागेच्या गल्लीत त्याला फिरवताना शेजारच्या काकू गेटातून ओरडल्या, "हळद लागली म्हणायची! अक्षता कवा हायत?"

"पोरगी बघतोय," अप्पा म्हणाले. "तुमच्याकडं हाय का?"

"मांजर हाय. चालंल का?"

"पत्रिका बघून सांगतो."

पण गाठी काही हटेनात. उलट खांद्यापुढे आल्या, मागच्या गुडघ्यांमागेही हाताला लागायला लागल्या. मग मात्र मी अप्पांचं काही न ऐकता दोघांना रिक्षात घातलं आणि जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होत्या, इस्लामपूरकडच्या. कुत्र्याला बघून त्यांचा चेहराच उतरला. "कावीळ कधीपासून आहे?" त्यांनी घाईघाईने त्याचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, पापण्या ओढून डोळे बघितले. सगळं लख्ख. मग स्वतःची पिवळी बोटं हुंगली.

"राजापुरी हळद हाय," अप्पा ताठ होऊन म्हणाले. "एक लंबर."

डॉक्टर खूप हसल्या. मग गाठी दाबायला लागल्या आणि हसायच्या थांबल्या. गाठीत सुई घालून त्यांनी नमुना घेतला.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघं पुन्हा त्यांच्यासमोर होतो. लिम्फोमा. अप्पांना शब्द कळला नाही, मला अर्धा कळला. डॉक्टरांनी नीट सांगितलं. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्याच बेसुमार वाढत सुटतात. हा कॅन्सर आहे. तो अंगभर पसरलेला असतो, म्हणून गाठ कापून भागत नाही. इंजेक्शनं दिली की गाठी बऱ्याचदा विरतात, कुत्रा खातो, खेळतो, त्याला फार त्रासही होत नाही. पण बहुतेक वेळा रोग परत येतो.

"म्हंजी गालगुंड न्हाई?"

"नाही आजोबा."

"त्यो भडंग लय खातो. त्यानं झालं का?"

"भडंगानं होत नाही. पण भडंग बंद करा."

भडंग हा शब्द दोनदा ऐकून कुत्र्याने टेबलावर शेपटी आपटली.

"किती दिवस हायत?" अप्पांनी विचारलं. डॉक्टर तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. "थांबा. त्याच्यापुढं नगं. त्याला समदं कळतं." आणि खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी डॉक्टरांच्या हातावर टाकला.

आता हे त्या बिचारीला कुठून माहीत असणार? पूर्वी हळदीचा दर तोंडाने बोलत नसत. घेणारा आणि अडत्या रुमालाखाली हात मिळवायचे आणि बोटं दाबून भाव ठरवायचे. एक बोट म्हणजे एक, अख्खा पंजा म्हणजे पाच. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही.

रुमाल हलला. अप्पांचा चेहरा उजळला. बाहेर आल्यावर ते माझ्या कानाशी लागले, "पाच वर्सं म्हणाली! पंजा धरला."

मी पट्टा विसरल्याचं निमित्त करून पुन्हा आत गेले. डॉक्टर म्हणाल्या, "मी काहीच म्हणाले नाही हो. मला वाटलं आजोबांना रडू येतंय आणि ते लपवतायत. म्हणून हात धरला." मग त्यांनी खरं सांगितलं. औषध लागू पडलं तर साधारण वर्षभर.

उपचार सुरू झाले. गाठी खरोखर विरल्या आणि अप्पांना चेव आला. पाच वर्षांत कुत्र्याला कुठं कुठं न्यायचं ते ठरायला लागलं. मी सांगायला तोंड उघडलं की ते टीव्हीचा आवाज वाढवत. मला त्यांचा राग यायचा, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटायची. एके दिवशी हे असेच पाच म्हणत बसतील आणि कुत्रा निघून जाईल, तेव्हा यांना कोण सावरणार?

शेवटी एका संध्याकाळी पायरीवर मी त्यांच्या खांद्यावरचा रुमाल ओढला, त्यांच्या हातावर टाकला आणि खाली हात घालून त्यांचं एक बोट दाबलं.

ते पुढच्या बोटाची वाट बघत राहिले. मी दाबलं नाही. मग त्यांनीच दुसरं बोट माझ्या मुठीत सारलं. मी सोडलं. त्यांनी पुन्हा सारलं. मी पुन्हा सोडलं. मला रडू फुटलं. रुमालाखाली चाललंय म्हणजे खायचंच काहीतरी असणार, असं समजून कुत्र्याने मधेच आपलं ओलं नाक आत खुपसलं आणि आमच्या दोघांचेही हात चाटून काढले.

अप्पांनी मोकळ्या हाताने त्याच्या जबड्याखाली चाचपलं.

"दर लय कमी हाय," ते म्हणाले. "मालाच्या मानानं लय कमी."

मी त्यांचं ते एक बोट धरूनच ठेवलं.

"घेतला," ते म्हणाले. मग उठले, आत गेले आणि भडंगाचा डबा घेऊन आले.

"अप्पा, डॉक्टरांनी नको म्हटलंय."

"एका बोटाचा सौदा, आन त्यात भडंग बी न्हाई?" त्यांनी डबा उघडला. "गप बस."