टोमासीचा तुटका स्टड

वायसाकेचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. लिंबाच्या पानांचा चहा, आदल्या दिवशीचा उकडलेला कसावा, मग तेलाच्या फडक्याने एकेक हत्यार पुसणं. गोदीत मी त्याच्या शेजारी एकतीस वर्षं काम केलं. त्याचा पाना कधी दुसऱ्याच्या पेटीत सापडला नाही. तो माझा मामेभाऊ. आमच्या बेटांवर असे भाऊ एकमेकांना मेव्हणा म्हणतात आणि टोचून बोलणं हा हक्क समजतात.

त्या दिवशी आम्ही खाडीत इलायतियाच्या बोटीवर होतो. तीन वर्षांपूर्वी प्रवाळाच्या कड्याबाहेर तिचं इंजिन बंद पडलं होतं. वायसाकेचा धाकटा भाऊ टोमासी तिच्यावर मिस्त्री. त्याला लाटेने नेलं, प्रेत मिळालं नाही. इलायतिया सगळ्यांना सांगत राहिला की पोराने हेडचा, म्हणजे इंजिनाच्या झाकणाचा, आटेवाला स्टड जास्त आवळून तोडला. दोघांची आई उलामिला म्हणाली, "नावावर डाग असताना मी त्याच्या आठवणीचा दगड लावणार नाही."

आता इलायतियाला बोट पुन्हा पाण्यात हवी होती. दुसरा कोणी तिच्यावर चढेना. वायसाकेने होकार दिला.

गावात सुतक होतं. सरदार वारला होता, शंभर रात्री ठोकाठोक बंद. बायका झाडाच्या सालीचं कापडसुद्धा कुटत नव्हत्या.

"हातोडा आणलास का, मेव्हण्या?" मी विचारलं.

"आणलाय. पेटीत झोपलाय, तुझ्यासारखा."

हेड उचललं. स्टड ब्लॉकच्या तोंडाशी सपाट तुटलेला, वरून जुनं ग्रीस घट्ट बसलेलं. एरवी मधोमध पंच धरून एक ठोका द्यायचा आणि ड्रिल लावायचं. सुतकात ठोका देता येत नव्हता, मध्य डोळ्यांनीच शोधावा लागणार होता. वायसाकेने रॉकेलच्या बोळ्याने स्टडचं तोंड पुसलं.

तेवढ्यात खालून आवाज आला. टक, टक. थोडं थांबून, टक.

"पाणी आपटतंय," मी म्हणालो.

"पाणी आठलाच उतरलं."

मी वाकून पाहिलं. बोटीखाली नुसता चिखल, त्यावर खेकड्याचंही पाऊल नव्हतं.

"नट बसला की टोमासी पान्याने असंच वाजवायचा," वायसाके म्हणाला आणि भिंग डोळ्याला लावलं. मग मला भिंग दिलं.

तुटलेल्या तोंडाचा मोठा भाग गुळगुळीत, काळा, त्यावर शिंपल्यासारख्या वळ्या. एका कडेला तेवढी खरबरीत चंद्रकोर. जास्त आवळलेला स्टड पिळवटून एका दमात तुटतो. हा महिनोन्महिने थोडा थोडा चिरत गेला होता. पंचाचा एक ठोका बसला असता, तर वळ्या गेल्या असत्या.

"तोडला नाही त्याने," मी म्हणालो.

"भोक बारीक पाडायचं. कड राहिली पाहिजे," तो म्हणाला.

शेजारच्या दोन स्टडवर पट्टी बसवून तिच्या भोकातून हातड्रिल सरळ धरलं. दोन तास फिरवलं. हात थांबला की खालून टक, टक, टक. मग ब्लो लॅम्पने तापवून मेणबत्तीचं मेण आट्यांत सोडलं, चौकोनी निमुळती सळई भोकात दाबून बसवली. पाव फेरा डावीकडे, थोडा मागे. पुन्हा.

दोन वाजता स्टड बाहेर आला. आवाज थांबला. नंतर तो आला नाही.

आटे साफ केले, नवा स्टड हाताने तळाला टेकवला, गॅस्केट, हेड. समोरासमोरचे नट आलटून पालटून, तीन टप्प्यांत आवळले. इंजिन सुरू झाल्यावर वायसाकेने जुना तुकडा किनाऱ्यावर बसलेल्या इलायतियाच्या तळहातावर ठेवला.

"वाचता येतं का?"

इलायतिया म्हातारा खलाशी, तुटकं लोखंड त्याने पुष्कळ पाहिलं होतं. "जुनी चीर आहे," तो हळू म्हणाला.

"मग हे आईला सांग."

संध्याकाळी तो माफी मागताना द्यायची यांगोनाची मुळी घेऊन उलामिलाच्या दारात मान खाली घालून बसला. तिने दिवा लागेपर्यंत त्याला बसवून ठेवलं, मग मुळीला हात लावून माफी दिली.

शंभर रात्री अजून संपायच्या होत्या, म्हणून दगड आम्ही हातांनी दाबूनच बसवला. खाली सालीच्या कापडात गुंडाळून स्टडचा तुकडा ठेवला. बोटीखालच्या आवाजाचं आम्ही उलामिलाला सांगितलं होतं; तिने जमिनीला कान लावला आणि बराच वेळ ऐकत राहिली. काही ऐकू आलं नाही. वायसाकेच्या त्या मजुरीतून सिमेंटची दोन पोती आली, आणि टोमासीचं नाव कोरलेला तो काळा दगड.