सुनिताचे दोन स्क्रीन

भिसेगावात आमच्या भिंतीला भिंत लागून सुनिता राहते. लग्नपत्रिकांचा मजकूर छपाईसाठी जुळवायचं काम करते. आधी ती कर्जतला इद्रिसभाईंच्या छापखान्यात जायची. तिचा नवरा संतोष माथेरानला हॉटेलात कामाला होता. तिथे जिन्यावरून पडला आणि कमरेखालचं अंग गेलं. तरीही ती कामावर जायची. एक दिवस घरी आली तर हा खाटेवरून खाली पडलेला, तोंड जमिनीला, ओरडून ओरडून आवाज बसलेला. तेव्हापासून तिने घर सोडलं नाही. इद्रिसभाईंनी छापखान्याचा लॅपटॉप घरी दिला, म्हणून चूल पेटती राहिली.

बारीक अक्षरांनी तिचे डोळे दुखायला लागले, तर त्यांनी छापखान्यातला जुना मोठा मॉनिटरही टेंपोतून पाठवला. घरात नवी वस्तू आली की आम्ही पूजा करतो, तशी तिने केली. हळदकुंकू लावलं, उदबत्ती ओवाळली, फुलाने पाणी शिंपडलं. मग वायर जोडली. लॅपटॉपवर चार पर्याय आले, त्यातला 'फक्त दुसरा स्क्रीन' तिने निवडला, कारण तिला मोठ्यावरच काम करायचं होतं.

लॅपटॉप काळा झाला. मोठ्यावर इंग्रजीत एक ओळ आली नि तोही काळा झाला.

तिने मला हाक मारली ती भिंतीवर थापा मारून. मी गेले तर ती मॉनिटरच्या मागच्या जाळीकडे बघत उभी. तिथे पाण्याचे थेंब होते. तिच्या ओठांना रंग नव्हता.

"ताई, देवाचं पाणी आत गेलं," ती हळूच म्हणाली, संतोषला ऐकू जाऊ नये म्हणून. "दोन्ही गेले. आता भाई लॅपटॉप नेतील. मला परत छापखान्यात बसायला लागंल. मग यांच्याजवळ कोण?"

मी मनात गणपतीचं नाव घेतलं. दुसरं काय येतं मला? भाईंना फोन कर म्हटलं, तर ती मान हलवत राहिली. एकदा तर फोन हातात घेऊन खाली ठेवला. शेवटी खाटेवरून संतोषच बोलला, "लाव गं फोन. मी काय बहिरा हाय?"

तिने लावला. लपवलं काहीच नाही, पाणीसुद्धा सांगितलं.  

पलीकडून इद्रिसभाई म्हणाले, "आधी वायर काढ बघू."

वायर काढली. लॅपटॉप उजळला. 

पाण्याने काही झालं नव्हतं. लॅपटॉप जेवढं बारीक चित्र पाठवत होता तेवढं त्या जुन्या मॉनिटरला झेपत नव्हतं, एवढंच. तरी भाईंनी जाळी कोरडी होईपर्यंत थांबायला लावलं, आणि यापुढे यंत्राला पाणी नको, नुसतं कुंकू लाव, असं बजावलं. मग त्यांनी फोनवरच सांगितलं: पुन्हा जोड, या वेळी दोन्ही स्क्रीन चालू राहतील असा पर्याय घे, सेटिंगमध्ये दोन नंबरचा स्क्रीन निवड आणि त्याचं रेझोल्यूशन, म्हणजे चित्राचा बारीकपणा, खाली आण. तिने एक आकडा निवडला, काळंच. आणखी खालचा निवडला. मोठ्या स्क्रीनवर कुणाच्या तरी लग्नाचा मजकूर ठळक, मोठा उभा राहिला.

"भाई, लॅपटॉप न्यायला येणार नाय ना?" तिने विचारलंच.

"वेडी काय गं? उद्या दोन पत्रिका पाठवतोय."

तिने फोन ठेवला. संतोष म्हणाला, "तू छापखान्यात गेली असतीस तरी राहिलो असतो मी."

"नसतात राहिलात," ती म्हणाली.

कामाला बसली आणि लगेच उठली. मोठ्या मॉनिटरआड खाट दिसत नव्हती. आम्ही दोघींनी टेबल भिंतीकडे सरकवलं. ती बसून बघायची, परत उठून थोडं सरकवायची. स्क्रीनच्या कडेला संतोषचा चेहरा पुरा दिसला, तेव्हा तिने टायपिंग सुरू केलं.